छोट्या कॅबिनेटमध्ये चार-पाच हार्ड डिस्क बसवायच्या कशा: माप घेण्यापासून झाकण लावेपर्यंत

सुरुवातीलाच मुद्द्याचं सांगतो. छोट्या कॅबिनेटमध्ये डिस्क मावते की नाही हे डिस्कपेक्षा तिच्या मागे लागणाऱ्या दोन केबल्सच जास्त ठरवतात. लोक टेप घेऊन डिस्कची लांबी-रुंदी मोजतात, खूश होतात, आणि शेवटी साटाचा (डिस्कच्या डेटा आणि पॉवरच्या जोडणीचा) प्लग लावायला गेलं की मागे एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) आडवा येतो किंवा झाकणच लागत नाही. म्हणून या लेखात मी केबलला आणि हवेला लागणारी जागा आधी धरून मगच डिस्क कुठे बसवायची ते ठरवणार आहे, वाचताना उलटं वाटेल पण काम असंच सोपं जातं.

कोणासाठी आहे हे? घरातले फोटो, ऑफिसचा बॅकअप, सिनेमे वगैरे एका जागी ठेवायला छोटा नास बॉक्स (घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) करायचाय, किंवा जुना ऑफिसचा स्लिम डेस्कटॉप स्वस्तात मिळालाय आणि त्यात एकाऐवजी दोन-तीन डिस्क कोंबायच्या आहेत, अशांसाठी. मोठा टॉवर ठेवायला जागा असेल तर सरळ टॉवर घ्या, एवढा उपद्व्याप करायची काही गरज नाही.

आधी मापं, ती पाठच करून टाका

साडेतीन इंची डिस्क म्हणजे १०१.६ मिमी रुंद, साधारण १४७ मिमी लांब आणि २६.१ मिमी जाड. अडीच इंची डिस्क ६९.८५ मिमी रुंद, १०० मिमी लांब, आणि जाडी मात्र ७, ९.५ किंवा १५ मिमी. इथेच गोची होते. एसएसडी जवळजवळ सगळ्या ७ मिमीच्या, पण जास्त क्षमतेच्या अडीच इंची हार्ड डिस्क १५ मिमी जाड येतात आणि त्या लॅपटॉपसाठी केलेल्या खाचेत अजिबात जात नाहीत. एम.२, म्हणजे थेट बोर्डवर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, तिची सगळ्यात चालणारी साइझ २२ बाय ८० मिमी.

आता या लांबीत मागची जागा मिळवा. साटाचा सरळ प्लग आणि त्यानंतर केबलला वळायला लागणारी जागा धरून मी ३५ ते ४० मिमी सोडतो. काटकोनी प्लग घेतला तर १५ मिमीच्या आसपास भागतं. म्हणजे १४७ ची डिस्क प्रत्यक्षात १८५ मिमी जागा खाते, आणि मनात हाच आकडा ठेवून कॅबिनेटकडे बघायचं.

काटकोनी प्लगचे पण दोन प्रकार असतात, एकाची केबल डिस्कच्या पाटाच्या (खालच्या सर्किट बोर्डाच्या) बाजूला वळते आणि दुसऱ्याची डिस्कच्याच वरच्या झाकणाच्या बाजूला. एकावर एक डिस्क रचल्या असतील तर चुकीच्या प्रकारची केबल शेजारच्या डिस्कच्या प्लगवरच येऊन बसते. दुकानात विचारून फारसा उपयोग होत नाही, त्यांच्या लेखी एल टाइप म्हणजे एल टाइप, तेव्हा फोटो झूम करून बघा आणि शंका असेल तर दोन्ही प्रकारच्या एकेक आणा, केबलला असे कितीसे पैसे पडतात.

पुठ्ठ्याची डिस्क करा

खरी डिस्क हातात धरून कॅबिनेटमध्ये फिरवत बसू नका. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, १४७ बाय १०१ चे तुकडे कापा, २६ मिमी जाडीचे थर चिकटवा आणि मागच्या बाजूला ३५ मिमीची एक शेपटी ठेवा, ती केबलची. अशा चार डमी केल्या की कॅबिनेट उघडं टाकून आरामात वेगवेगळ्या रचना करून बघता येतात, उभ्या, आडव्या, एसएमपीएसच्या डोक्यावर, पुढच्या फॅनच्या मागे. डिस्क आडवी, उभी किंवा कुशीवर कशीही बसवलेली चालते, कंपन्या स्वतःच तसं सांगतात, त्यामुळे त्याची चिंता नको. तिरकी मात्र मी ठेवत नाही, नव्वद अंशात ठेवलं की स्क्रूही सरळ बसतात आणि हिशोबही.

डमी ठेवल्यावर दोन गोष्टी तपासा. एक, स्क्रू ड्रायव्हर तिथपर्यंत पोचतो का. दुसरी जास्त महत्त्वाची, चार वर्षांनी मधली डिस्क मेली तर बाकीच्या न काढता ती एकटी बाहेर येते का. येत नसेल तर रचना बदला. कारण डिस्क मरते तेव्हा आपण आधीच टेन्शनमध्ये असतो, आणि त्या वेळी चांगल्या तीन डिस्क उपटून चौथी काढायची पाळी आली की हमखास दुसरी कुठलीतरी केबल सैल होते.

कॅबिनेट घ्यायचंच असेल तर

नवीन घेत असाल तर ज्यांनी डिस्कचा विचार करून डबा बनवलाय असा घ्या. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ३०४ हे जुनं आणि गाजलेलं उदाहरण आहे, २५० बाय २१० बाय ३७४ मिमीचा डबा, मिनी आयटीएक्स म्हणजे छोट्या मापाचा मदरबोर्ड, आणि त्यात तीन ब्रॅकेटला प्रत्येकी दोन अशा सहा साडेतीन इंची डिस्क उभ्या लटकतात. समोर ९२ मिमीचे दोन फॅन, मागे १४० चा एक. एसएमपीएस साधा एटीएक्स (नेहमीच्या मापाचा) चालतो पण लांबी १६० मिमीच्या आत हवी, हे बरेच लोक विसरतात. त्याचा मोठा भाऊ नोड ८०४, तो दहापर्यंत डिस्क घेतो. जॉन्सबोचे एन२ आणि एन३ हे अनुक्रमे पाच आणि आठ डिस्कचे, त्यात मागे बॅकप्लेन (प्लग आधीच बसवलेला बोर्ड) असतो म्हणजे डिस्क नुसती सरकवायची, केबलची कटकट निम्म्याने कमी, पण एसएमपीएस छोटा एसएफएक्स लागतो आणि तो साध्यापेक्षा महाग. पैसे असतील तर बॅकप्लेनवालं घ्या, माझं स्पष्ट मत आहे.

दुसरीकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरलात तर जुने ऑफिसचे स्लिम डेस्कटॉप रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. त्यात सहसा साडेतीन इंचीला एक जागा आणि एक डीव्हीडी ड्राइव्ह असतो. तो डीव्हीडी काढून तिथे कॅडी, म्हणजे त्याच मापाची डिस्क बसवायची चौकट, टाकायची. कॅडी दोन जाडीत येते, ९.५ आणि १२.७ मिमी, आपला डीव्हीडी मोजून मगच मागवा. आणि लक्षात ठेवा, त्या स्लिम डीव्हीडीच्या पॉवर प्लगमध्ये फक्त ५ व्होल्ट असतो, १२ व्होल्ट नसतोच, त्यामुळे तिथे अडीच इंचीच चालणार. जोडणी खेचून साडेतीन इंची लावायचे उद्योग करू नका.

हल्ली बरेच जण बाहेरची पोर्टेबल यूएसबी डिस्क स्वस्त पडते म्हणून ती फोडून आतली वापरतात. अडीच इंची पोर्टेबलच्या बाबतीत आधी खात्री करा, कारण काहींच्या पाटावर यूएसबीचंच सॉकेट सोल्डर केलेलं असतं, साटा नावाची गोष्टच नसते. टेबलवर ठेवायच्या मोठ्या यूएसबी डिस्क फोडल्या तर आत साटा असते, पण त्यांची एक वेगळी भानगड आहे, ती पॉवरच्या भागात सांगतो.

स्क्रू, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त वाट लागते

साडेतीन इंची डिस्कला ६-३२ चा स्क्रू लागतो, जाडसर आणि मोठ्या आट्यांचा. अडीच इंचीला आणि डीव्हीडीला एम३, बारीक आट्यांचा. एम.२ ला एम२, तो इतका चिमुकला की फरशीवर पडला तर विसरा. एम३ स्क्रू साडेतीन इंचीच्या भोकात जातो पण धरत नाही, गुळगुळीत फिरत राहतो. उलटं केलं, म्हणजे ६-३२ जोर लावून अडीच इंचीत घातला, तर आटे कायमचे गेले. दोन्ही प्रकारच्या पिशव्या वेगळ्या ठेवा आणि वरती मार्करने लिहा.

लांबी पण बघा. डिस्कच्या आत स्क्रू जास्तीत जास्त ३ मिमीच्या आसपास जावा, पत्र्याची आणि रबराची जाडी त्यात वेगळी धरायची. लांब स्क्रू आत जाऊन बॉडीला किंवा पाटाला टेकला तर डिस्क गेलीच समजा.

आणखी एक, जी नव्या मोठ्या डिस्कमध्ये हमखास अडते. पूर्वी बाजूला तीन-तीन आणि खाली चार भोकं असायची. हीलियम भरलेल्या मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कमध्ये बाजूचं मधलं भोक गायब झालं, आणि खालच्या भोकांमधलं अंतर पण ४४.४५ मिमीऐवजी ७६.२ मिमी झालं. जुन्या कॅबिनेटचा ट्रे जुन्या भोकांसाठी पाडलेला असेल तर नवी डिस्क त्यात फक्त दोन स्क्रूवर लटकते. दोन स्क्रूवर फिरती डिस्क ठेवू नका. ट्रेला नवीन भोक पाडा, सोपं काम आहे, पण ट्रे बाहेर काढून.

घरच्या घरी ब्रॅकेट

रेडिमेड ब्रॅकेट मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून २० बाय २० मिमीचा अॅल्युमिनियम अँगल आणा. चार उभे तुकडे लागतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि डिस्क मध्ये एकावर एक येतात. बाजूच्या भोकांची मापं अशी आहेत: केबलच्या टोकापासून पहिलं भोक २८.५ मिमीवर, शेवटचं त्याच्यापुढे १०१.६ मिमीवर, आणि डिस्कच्या तळापासून ६.३५ मिमी उंचीवर. म्हणजे पुढचा आणि मागचा अँगल असे लावा की त्यांच्या भोकांमध्ये १०१.६ येईल.

उंचीत दोन डिस्कच्या भोकांमध्ये ३३ मिमी सोडा. डिस्क २६ ची, म्हणजे मध्ये ७ मिमी फट राहते, हवा जायला पुरते. चार डिस्कला सव्वाशे ते एकशेतीस मिमी उंची झाली. पाच मिमीपेक्षा कमी फट ठेवू नका, जागा कमी पडत असेल तर एक डिस्क कमी करा आणि मोठ्या क्षमतेची घ्या, बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं असतं.

भोकं पाडताना चारही अँगल एकत्र शिकंजात घट्ट धरा आणि एकदमच ड्रिल करा, एकेक वेगळं मोजून पाडलं तर अर्ध्या मिमीची चूक जमत जमत चौथ्या डिस्कपाशी स्क्रू बसत नाही. आधी पंचने खूण, मग ४ मिमीचं बिट. रबर ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) लावणार असाल तर ग्रोमेटच्या मापाचं मोठं भोक लागेल. नंतर कानशीने कडा मारा. हे सगळं कॅबिनेटपासून लांब, गॅलरीत वगैरे करा आणि अँगल पाण्याने धुवून पुसूनच आत न्या, कारण अॅल्युमिनियमचा किस वीज वाहतो आणि बोर्डवर एक तुकडा पडला तर काय होईल ते सांगायला नको.

अँगल तळाला बसवताना खाली रबराची चकती टाका. कंपन पत्र्याला लागलं की अख्खा डबा गुणगुणायला लागतो, आणि चार डिस्क एकत्र फिरत असतील तर रात्री ते चांगलंच ऐकू येतं. पण रबर म्हणजे इतकंही मऊ नको की डिस्क झुलेल, हेड झटक्यात इकडून तिकडे गेलं की डिस्क उलट दिशेने हलते आणि मग तिला जागा पकडायला वेळ लागतो. इलॅस्टिकला डिस्क टांगायची फॅशन होती एके काळी, आवाज जातो खरा, पण उचलून दुसरीकडे नेताना काय होतं त्याचा विचार करा. डबल टेप आणि वेल्क्रो फक्त एसएसडीसाठी. तिच्यात फिरणारं काही नाही, एसएमपीएसच्या कुशीला, ट्रेच्या पाठीवर, झाकणाच्या आत कुठेही चिकटवा.

पॉवरचा हिशोब

फिरताना साडेतीन इंची डिस्क ५ ते ९ वॅट खाते, पण सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर मागते, म्हणजे एकेक डिस्क सुरुवातीचे काही सेकंद २४ वॅट. पाच डिस्क एकदम उठल्या तर १२० वॅट नुसत्या त्यांचे. वॅट म्हणून हे फार नाही, कुठलाही बरा एसएमपीएस देईल. अडचण वायरमध्ये येते. साटा पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टला तीन पिन, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एका प्लगची लायकी साडेचार अँपिअर. त्या एका प्लगला एकाचे चार करणारा स्प्लिटर लावला की सुरू होताना आठ अँपिअर त्यातून जाणार. जळालेल्या प्लगचे फोटो नेटवर दिसतात ते असेच.

म्हणून स्प्लिटर लावायचाच असेल तर मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनच्या पॉवर प्लगवरून) घ्या, त्याचा पिन जाड असतो. आणि प्लास्टिक ओतून सील केलेला मोल्डेड प्रकार टाळा, आत वायरी एकमेकांना लागून शॉर्ट होतात आणि बाहेरून काही कळत नाही. ज्यात वायर प्लगच्या खाचेत वरून दाबून बसवलेली दिसते आणि मागे टोपी असते तो प्रकार घ्या. त्याचा दुसरा फायदा, प्लगमधलं अंतर आपल्याला हवं तसं ३३ मिमीवर दाबून घेता येतं, मग एकच वायर सरळ खाली उतरते आणि मध्ये गुंडाळी राहत नाही. छोट्या डब्यात या एका गोष्टीने जेवढी जागा वाचते तेवढी दुसऱ्या कशानेच नाही.

जुन्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा डिस्कची पॉवर एसएमपीएसवरून न येता मदरबोर्डवरून येते. तिथे एक किंवा दोनच डिस्कची अपेक्षा धरलेली असते, त्यामुळे स्प्लिटर लावून तिसरी-चौथी साडेतीन इंची जोडू नका, अडीच इंची एसएसडी चालून जाईल.

आणि ती मघाची भानगड. फोडून काढलेली डिस्क जोडली, सगळं बरोबर, पण फिरतच नाही. डिस्क मेलेली नाही. साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर जुन्या पद्धतीप्रमाणे ३.३ व्होल्ट येतो, आणि नव्या नियमात त्या पिनचा अर्थ डिस्क बंद ठेव असा झालाय. डिस्कच्या बाजूने तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या टेपची) बारीक पट्टी चिकटवा, किंवा मोलेक्सवरून पॉवर द्या, मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतोच. सेलोटेप नको, गरमीत चिकट सुटतो.

डेटा केबल आणि पोर्ट

मिनी आयटीएक्स बोर्डवर साटाचे पोर्ट सहसा दोन ते चार. जास्त हवे असतील तर एम.२ मध्ये बसणारं साटा कार्ड येतं, एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं किंवा जेएमबी५८५ चं पाच पोर्टचं. बोर्डचं मॅन्युअल मात्र वाचा, कित्येक बोर्डवर एम.२ वापरलं की एखादा साटा पोर्ट बंद होतो आणि मग माणूस केबल बदलत बसतो.

केबल ३० सेंटीमीटरच्या घ्या, दुकानातल्या नेहमीच्या ५० च्या केबलचा उरलेला भाग छोट्या डब्यात हवेच्या वाटेतच जाऊन बसतो. बारीक गोल केबल मिळाली तर उत्तम. तीव्र घडी घालू नका, आणि चार केबल झिप टायने करकचून आवळू पण नका, सैल वेल्क्रो पुरे.

जोडायचा क्रम

आधी बोर्ड बाहेरच ठेवून त्यावर प्रोसेसर, रॅम आणि एम.२ लावून घ्या, कारण मिनी आयटीएक्स बोर्डला एक एम.२ बहुतेक पाठीमागे असतो आणि बोर्ड आत गेल्यावर तिथे हात पोचत नाही. मग बोर्ड आत. मग एसएमपीएस. मग सगळ्या केबल्स, डेटा आणि पॉवर दोन्ही, त्यांच्या जागी नेऊन नुसत्या लोंबत ठेवा. आता डिस्क, सगळ्यात आतली आधी. प्रत्येक डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून तिच्या दिसणाऱ्या कडेला चिकटवा, सॉफ्टवेअर उद्या सांगेल की अमुक सीरियलची डिस्क बिघडली, आणि तुम्ही नेमकी शेजारची काढाल, असं होऊ नये.

स्क्रू चारही आधी अर्धे लावायचे, मग तिरपे-तिरपे आवळायचे. हाताच्या ड्रायव्हरने. मशीनचा ड्रायव्हर नको.

फॅन शेवटी. हवा डिस्कमधल्या फटींमधूनच गेली पाहिजे, बाजूने पळून जाता कामा नये, त्यासाठी फॅन आणि डिस्कच्या मधली उघडी जागा जाड पुठ्ठ्याने किंवा फोम पट्टीने बंद करा. एवढं केलं तरी कमी वेगाचा एक १२० चा फॅन चार डिस्कला पुरतो. डिस्कला कंपनी बहुधा ६० डिग्रीपर्यंत चालते म्हणते, पण मी ४५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतो. हवा नीट असेल तर डिस्क खोलीपेक्षा दहाएक डिग्री वर राहते. आता मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला बंद खोली ४० ला गेली तर डिस्क ५० ला जाणारच, तिथे कितीही फॅन लावा, तेव्हा डबा माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात न ठेवता खाली मोकळ्या जागी ठेवा.

झाकण लावल्यानंतर

झाकण उघडं ठेवून टेस्ट करणं म्हणजे अर्धीच टेस्ट. झाकण लावा, स्क्रू मारा, आणि मग मोठी कॉपी लावा, दोनशे-तीनशे जीबी, सगळ्या डिस्कवर एकदम. तासाभराने स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल. १९४ नंबरला तापमान. मधली डिस्क बाकीच्यांपेक्षा सात-आठ डिग्री वर असेल तर फटीत केबल आलीये.

१९९ नंबर जास्त कामाचा, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. हा आकडा केबलचा असतो, डिस्कचा नाही. झाकण उघडं असताना वाढत नव्हता आणि लावल्यावर वाढायला लागला तर झाकण एखाद्या प्लगला दाबतंय, ती केबल काटकोनी करा. जुना आकडा कधी शून्य होत नाही, त्यामुळे आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने परत बघा, तेवढाच राहिला तर केबल ठीक आहे.

पुढचा धुळीचा फिल्टर महिन्यातून एकदा काढून झटका, रस्त्यालगत घर असेल तर पंधरा दिवसांनी. झटकण्याआधी मशीन बंद करा.